पाठीला हात लावू नको

बायकोच्या चाळिसाव्याच्या दिवशीही महेबूबनं जिलेबीची गोष्ट सांगितलीच.

सांगायची नाही, असं त्यानं सकाळी उठल्या उठल्या ठरवलं होतं. पण फातेहाच्या दुआसाठी दस्तरखानावर काय ठेवायचं हा विषय निघाला. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते ठेवायचं, अशी रीत. सून उमैमानं विचारलं, "अब्बा, अम्मीला काय आवडायचं?" आणि जिच्या हातचं एक्केचाळीस वर्षं खाल्लं तिला काय आवडायचं हे आपल्याला सांगता येत नाही, हे महेबूबच्या ध्यानात आलं. बिलकीस वाढायची, तो खायचा. ती कधी खायची हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. मग घाईघाईत तो म्हणाला, "जिलेबी," आणि इतवारा बाजारातून दोन किलो घेऊन आला.

"अम्मी तर जिलेबीला हात लावत नव्हत्या," उमैमा म्हणाली.

"माझ्यासमोर खाल्ली हाय तिनं. फौजी साहेबानं आणून दिलेली."

मुलगा मुनीब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "झालं. आता तलवार येणार."

घरातल्या सगळ्यांना गोष्ट पाठ होती. पण आज लातूरचे आनंदराजसाहेब समोर बसलेले होते. पाटबंधारे खात्यातले इंजिनियर, महेबूबच्या घरी पहिल्यांदाच आलेले. नवं माणूस मिळाल्यावर महेबूब थांबतो होय?

"साहेब, पंच्याऐंशी सालची गोष्ट. लग्नाला वरीस झालेलं. हे आमचे भाईजान," त्यानं थोरल्या भावाकडं, अकरमकडं, बोट केलं, "नुकतेच लातूरला गेले, गोलाईत स्वतःचं दुकान टाकलं. इथं धार लावायच्या सानीवर मी एकटा. त्याच्या आधी यांनी मला सानीला हात लावू दिला नव्हता. का? तर मी डावरा."

"डावऱ्याला सान देऊ नये," अकरम म्हणाला. "आमचे बावा, वडील, सांगून गेलेले."

"तर लोह्याहून एक फौजी आला. हवाईदलातला. एवढ्या मिशा. हातात तलवार. तलवारीला खाचाच खाचा. मी म्हटलं, टाका इथं, संध्याकाळी न्या. दिवसभर सान धरली आन् आरशासारखी केली. मी बाजाराला भोकरला गेलतो तेव्हा फौजी येऊन घेऊन गेला. मी परत आलो तर बिलकीस जिलेबीचा पुडा घेऊन दारात उभी. म्हणाली, साहेब लई खूश झाला, म्हणाला असा कारागीर नांदेडात न्हाई, ही जिलेबी त्याच्यासाठी. आम्ही दोघांनी मिळून खाल्ली. अशी गरम, साहेब, की पाकानं बिलकीसच्या डोळ्यांत पाणी."

"मागच्या टायमाला तो चाकू होता," मुनीब म्हणाला. "माझ्या लग्नात सांगितली तेव्हा कट्यार होती."

"तू होतास का तिथं?"

"तलवार म्यानात मावते का नाही ते बघा अब्बा, अजून चार वर्षांनी तोफ होईल."

सगळे हसले. महेबूबही हसला. चाळीस दिवसांत या घरात पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं हसत होतं, आणि ते त्याच्यावर हसत होते याचं त्याला काही वाटलं नाही. फक्त त्याची बहीण शबाना हसली नाही. ती चाकूरहून आली होती आणि आल्यापासून लसूण सोलत होती. लागणार होता त्याच्या चौपट लसूण तिनं सोलून ठेवला होता.

आनंदराज मात्र जिलेबीसाठी आले नव्हते, चाळिसाव्यासाठीही नव्हते. ते चाकूसाठी आले होते.

चार दिवसांपूर्वी बिलकीसचे कपडे वाटायला काढले, तेव्हा उमैमाला तिच्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी एक गाठोडं सापडलं. जुन्या ओढणीत गुंडाळलेलं. आत चामड्याचं म्यान आणि म्यानात चाकू. काळवंडलेला, वीतभर पात्याचा, मुठीला सायकलच्या लाल ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या. धार लावणाऱ्याच्या घरात चाकू सापडणं म्हणजे नदीत पाणी सापडणं. पण या घरातला प्रत्येक चाकू महेबूबच्या ओळखीचा होता, आणि हा नव्हता.

मुनीबनं फोटो काढून जुन्या चाकूंच्या शौकिनांच्या एका ग्रुपवर टाकला. आनंदराजांचा तासाभरात फोन आला: हात लावू नका, घासू नका, मी येतो. येताना त्यांनी गाडीत अकरमला घेतलं, चाकूरला शबानाला घेतलं. लातूर ते नांदेड अकरमनं त्यांना चाकूचा सगळा इतिहास ऐकवला. न पाहता.

"हा चाकू बावांचा," अकरमनं आता सगळ्यांसमोर जाहीर केलं. "पोलीस ॲक्शनच्या टायमाला लष्कराचा कॅम्प पडला होता. बावांनी रात्रंदिवस त्यांच्या संगिनीला धार लावली. त्यावर खूश होऊन मेजरनं स्वतःच्या कमरेचा काढून दिला. अठ्ठेचाळीस सालचा माल हाय. थोरला म्हणून तो माझ्याकडं पाहिजे. दुकानात काचेत लावीन. खाली बावांचं नाव."

"आन् तो अम्मीच्या पेटीत कसा आला?" मुनीबनं विचारलं. त्याला चाकू विकायचा होता. ग्रुपवर एकानं 'किंमत बोला' असं लिहिल्यापासून तो त्याच्या बडे अब्बाच्या, म्हणजे अकरमच्या, बाजूनं नव्हता.

"बावांनी सुनेला जपायला दिला असंल."

"बडे अब्बा, दादा, तुमचे बावा, एकोणसत्तरला गेले. अम्मी या घरात चौऱ्याऐंशीला आली."

तेवढ्यात लसणाच्या ढिगामागून शबाना म्हणाली, "बावांचाच हाय. मी स्वतः बावांच्या हातात पाहिलाय."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. शबाना आणि अकरम यांचं गेल्या वीस वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. भाताला मीठ किती, यावरसुद्धा नाही.

महेबूब म्हणाला, "शबाना, बावा गेले तेव्हा तू अम्मीच्या पोटात होतीस."

"मग काय झालं?"

"पोटातून पाहिलास?"

"अम्मीनं सांगितलं म्हणजे पाहिल्यासारखंच हाय!" शबाना म्हणाली आणि एका पाकळीवर असा राग काढला की ती उडून आनंदराजांच्या बुटात पडली.

महेबूबनं बहिणीकडं पाहिलं. तिनं मान वर केली नाही. ही खोटं बोलतेय हे त्याला कळलं. का, ते कळलं नाही. चाकू कुणाकडं जातो, कितीला जातो, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मुनीब विको, अकरम काचेत लावो. त्याला एकच पाहिजे होतं: चाकू कुणाचा. कारण बिलकीस त्याच्यापासून काही लपवणारी बाई नव्हती. सुईसुद्धा कुठं ठेवली ते सांगायची. आणि ही वस्तू तिनं ओढणीत बांधून पेटीच्या तळाशी, सगळ्या कपड्यांच्या खाली ठेवली होती. चार दिवस तो नीट जेवला नव्हता.

"बघा साहेब," तो आनंदराजांना म्हणाला. "काय हाय ते खरं सांगा."

आनंदराजांनी खिशातून भिंग काढलं, गोड्या तेलाची वाटी आणि दात कोरायच्या काड्या मागितल्या. पांढऱ्या रुमालावर चाकू ठेवला. घरातले सगळे भोवती कोंडाळं करून बसले. बाहेर अंगणात बिर्याणीला दम बसत होता. मौलवीसाहेब असरच्या नमाजनंतर येणार होते.

"आधी पातं," आनंदराज म्हणाले. पट्टी लावून त्यांनी मोजलं. "पाच इंच. बरोबर. मूठ बघा, चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवल्यात. मुठीपुढच्या या हातरोध्याला ही दोन भोकं आहेत."

"गोंडा बांधायची," अकरम म्हणाला. "मेजरांच्या चाकूला गोंडा असतो."

"नाही चाचा. काठीला बांधायची. जंगलात पडलात तर काठीला बांधून भाला करायचा. हा अमेरिकन वैमानिकांचा चाकू आहे. विमान पडलं, माणूस जिवंत राहिला, तर त्याच्या कामाचा. म्यानाला हा खिसा बघा, यात छोटा धारेचा दगड असतो."

उमैमानं खिशात बोट घातलं. दगड होता. झिजून खोबऱ्याच्या कापासारखा झालेला.

"अमेरिकन," अकरम म्हणाला. "म्हणजे मेजर अमेरिकन होता."

"पोलीस ॲक्शनला अमेरिकन कुठून आला, बडे अब्बा?"

"तू गप. तुला काय माहीत, तेव्हा कोण कोण आलतं."

"चाचा, सुरुवातीला या चाकूंचं पातं सहा इंची होतं," आनंदराज शांतपणे म्हणाले. खात्यात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस, त्याला आरडाओरड्याची सवय होती. "साठ सालानंतर पाच इंची करायला लागले. म्हणजे अठ्ठेचाळीस तर नाहीच."

"पट्टी कमी मापत असंल तुमची."

"नेमकं साल पाहिजे तर ते मुठीच्या बुडाला असतं. सदुसष्टच्या आसपास ते कंपनीचं नाव आणि महिना, साल बुडाच्या लोखंडावर ठोकायला लागले. पण इथं हे कुणीतरी ट्यूब गुंडाळून ठेवलंय."

ते तेलाचं बोट फिरवून ट्यूबच्या पट्ट्या सोलायला लागले. लाल रबर चिवट झालं होतं, तुकड्या-तुकड्यानं निघत होतं. महेबूब त्या तुकड्यांकडं बघत राहिला. डोक्यात कुठंतरी काहीतरी हललं, पण हाताला लागेना. लाल ट्यूब. सायकलची काळी ट्यूब सगळ्यांकडं असते. लाल कुणाकडं असायची?

बूड उघडं झालं. उमैमा भिंगावर वाकली. तिचे डोळे चांगले होते.

"वर कंपनीचं नाव हाय. खाली आकडा... तीन, मग आडवी रेघ, मग... एक, नऊ, सात, तीन."

"तीन म्हणजे तिसरा नग," अकरमनं झटकन सांगितलं.

"तीन म्हणजे मार्च," आनंदराज म्हणाले. "मार्च एकोणीसशे त्र्याहत्तर."

मुनीबनं टाळी वाजवली. "दादाला जाऊन चार वर्षं झाली होती बडे अब्बा! मेजर कबरस्तानात देऊन आला का?"

अकरमनं भिंग हातात घेतलं, बूड पाहिलं, भिंग उलटं धरून पुन्हा पाहिलं. आकडा तोच राहिला. मग तो भिंतीला टेकून बसला. हरल्यावर गप्प बसायची त्याची रीत नव्हती.

"ठीक हाय. बावांचा न्हाई. मग आता सांगा, एवढ्या कडक शिस्तीची बाई, नमाज न चुकवणारी, आन् तिच्या पेटीत ओढणीत गुंडाळलेला अमेरिकन पायलट निघतो!"

मुनीबला हसू फुटलं आणि अर्ध्यात विझलं. उमैमानं डोक्यावरचा पदर नीट केला. आनंदराज काडीनं पात्यावरचं तेल पसरवत राहिले.

"भाईजान," शबाना म्हणाली, "जीभ सांभाळा. आज तिचा चाळिसावा हाय."

"मी काय म्हटलं? चाकू त्र्याहत्तरचा. आपल्या घरातला न्हाई. महेबूबला ठाऊक न्हाई. मग कुणीतरी दिलाच असंल ना? लोक विचारणार. मी फक्त आधी विचारलं."

बिलकीस असती तर तिनं उत्तर दिलं असतं, आणि अकरमला चहा न पिता लातूरला परत जावं लागलं असतं. बोलायचं काम तिचं होतं. त्याचं काम सानीवर. गिऱ्हाईक आलं की तीच सगळं विचारून घ्यायची: काय करायचं, काय नाही करायचं. मग चाकू त्याच्या हातात देताना दरवेळी तेच सांगायची, "पाठीला हात लावू नको." भाजीचा सुरा असो, खाटकाचा सत्तूर असो, न्हाव्याचा वस्तरा असो. पाठीला हात लावू नको. चाळीस वर्षं. भोकरला तिच्या माहेरी अशी काही समजूत असेल असं त्याला वाटायचं. तिचे वडीलही धार लावणारे शिकलगारच. शेवटी शेवटी तो चिडून म्हणायचा, "अगं, पाठीला कोण गाढव हात लावतो?" तर ती म्हणायची, "असतात." गेल्या चाळीस दिवसांत त्यानं बारा-तेरा चाकू केले होते, आणि दरवेळी चाकू हातात घेऊन तो उगाच थोडा वेळ थांबला होता. कुणी काही म्हणतंय का, याची वाट बघत.

"अरे अरे अरे," आनंदराज एकदम म्हणाले.

सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी पात्याची पाठ पुसून उजेडाकडं धरली होती. तोंड असं झालं होतं जणू चहात माशी निघाली.

"काय झालं साहेब?" मुनीबनं घाबरून विचारलं. "खोटा हाय का?"

"खरा आहे. शंभर टक्के खरा. पण याच्या पाठीवर करवतीसारखे दात असतात. विमानाचा पत्रा कापून बाहेर यायला. हाच तर या चाकूचा जीव. आणि इथं बघा. एकही दात नाही! कुणीतरी सगळे घासून पाठ सपाट केलीये. पार आरसा केलाय आरसा!" त्यांनी पातं सगळ्यांसमोर फिरवलं. "कोणत्या गाढवानं केलं असेल हे? त्याला वाटलं असेल, पाठ मोडकी आहे, दुरुस्त करू. किती मेहनत घेतलीये बघा मूर्खानं! असा चाकू अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. आता याला कुणी हात लावणार नाही."

"म्हणजे विकणार न्हाई?" मुनीब म्हणाला.

"भाजी कापा आता यानं."

"आण इकडं," अकरम म्हणाला, पण चाकू महेबूबनं घेतला.

त्यानं तो खिडकीकडं नेला. चष्मा कपाळावर ढकलला, कारण जवळचं त्याला चष्म्याशिवायच नीट दिसायचं. पाठ डोळ्यांच्या रेषेत धरली आणि उजेड तिच्यावरून हळू फिरवला. गंजाच्या ठिपक्यांमधून सानीच्या रेघा दिसायला लागल्या. बारीक, केसासारख्या. उजव्या हाताचा माणूस सान धरतो तेव्हा रेघा एका अंगानं तिरक्या पडतात. अकरमच्या तशा पडायच्या, बावांच्या तशा पडायच्या, भोकरच्या सासऱ्यांच्याही. या उलट्या होत्या.

नांदेडात डावरा शिकलगार एकच होता.

मग सगळं एकदम आलं. लाल ट्यूब फौजीच्या सायकलची होती. लोह्याहून सायकलवर आला होता तो, गाडीबिडी नव्हती. मिशाही तेवढ्या मोठ्या नव्हत्या. आणि तलवार नव्हती. कधीच नव्हती. वीतभर चाकू होता आणि त्याच्या पाठीवर खाचा होत्या. एकसारख्या, ओळीत, सुरेख खाचा. पंचवीस वर्षांच्या महेबूबनं त्या बघून म्हटलं होतं, काय हाल केलेत बिचाऱ्याचे. आणि दुपारभर सान धरून एकेक खाच पुसून काढली होती. आयुष्यातलं पहिलं एकट्यानं केलेलं काम. ज्याच्यावर तो चाळीस वर्षं जगला.

त्यानं वळून पाहिलं. शबाना त्याच्याकडंच बघत होती. हातातली सुरी थांबलेली. तिनं अगदी बारीक मान हलवली: नको.

"आता कळलं मला," अकरम मागून म्हणाला. त्याला नवी वाट सापडली होती आणि तो खुशीत होता. "हे काम भोकरच्या म्हाताऱ्याचं. बिलकीसच्या बापाचं. त्यानं कुणा गिऱ्हाइकाचा चाकू बिघडवला, गिऱ्हाइकानं तोंडावर फेकला, मग त्यानं तो पोरीच्या पेटीत घालून दिला. मी सोयरीक ठरतानाच बावांच्या जागी बसून आपल्या अम्मीला म्हटलं होतं, भोकरच्या लोकांना धारेतलं काही कळत न्हाई. दात घासले म्हाताऱ्यानं! हाहा! मिटलं मग. अमेरिकन पायलटबियलट काही न्हाई. मी माझे शब्द मागं घेतो."

छान मिटलं होतं. बिलकीसवरचा डाग गेला होता. सासरे कबरीत झोपले होते, ते काही उठून भांडायला येणार नव्हते. अकरम खूश होता. महेबूबनं नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं त्याला चांगलं जमायचं.

पण तिचा बाप. दर ईदला नांदेडला यायचा, जावयाच्या हातची धार अंगठ्यावर बघायचा आणि डोळे मिटून मान डोलवायचा. त्या माणसानं आयुष्यात एक पातं बिघडवलं नव्हतं. आणि आज त्याच्या पोरीच्या चाळिसाव्याला त्याच्या नावानं हाहा चाललं होतं.

"म्हाताऱ्यानं न्हाई केलं," महेबूब म्हणाला.

"मग कुणी?"

"डावऱ्यानं."

अकरमला लगेच कळलं नाही. मुनीबला कळलं. त्यानं बापाकडं पाहिलं, चाकूकडं पाहिलं, जिलेबीच्या परातीकडं पाहिलं.

"अब्बा," तो हळूच म्हणाला. "तलवार?"

"हाव. हीच तलवार." महेबूबनं चाकू रुमालावर ठेवला. "साहेब, तुम्ही विचारलं ना कोणता गाढव? हा बसलाय तुमच्यासमोर. मला वाटलं, मोडकी पाठ हाय."

आनंदराजांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सरकारी नोकरीत एवढ्या लवकर कबुली द्यायची पद्धत नसते.

"पण फौजी तर खूश होऊन..." अकरम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं ती गोष्ट नीट ऐकलेली दिसत होती. "जिलेबी..."

"ते मला न्हाई माहीत," महेबूब म्हणाला. "ते शबानाला माहीत हाय. चाळीस वर्षांपासून."

शबानानं सुरी खाली ठेवली. हात ओढणीला पुसले.

"भाभीनं मला कसम घातली होती," ती म्हणाली. "सानीचं चाक फिरवायचा पट्टा त्या दिवशी मी ओढत होते. भाभी स्वैपाकात होती. ती असती तर तिनं विचारलं असतं गिऱ्हाइकाला, या खाचा कशाच्या. मी सोळा वर्षांची, मला काय कळतंय? तू म्हणलास जोरात ओढ, मी जोरात ओढला. सगळे दात मी आन् तू मिळून घासले."

"आन् फौजी?"

"फौजी आला. तू भोकरला. त्यानं चाकू बघितला आन् असा ओरडला की पलीकडच्या गल्लीतले लोक आले. म्हणे, कुठं हाय तो, त्याचे दात पाडतो आता. भाभी दारात आडवी. म्हणाली, माझ्या मालकाला काही बोलायचं न्हाई, मालक गावाला गेलेत, सान मी धरली होती. तो म्हणाला, बाईमाणूस सान धरतं? ही म्हणाली, धरतं, बघायचं का? आन् खाटकाचा सत्तूर उचलला."

उमैमाच्या तोंडातून "या अल्ला" निघालं. मुनीब हसत होता की रडत, कळत नव्हतं.

"त्यानं चाकू म्यानासकट नालीत फेकला आन् शिव्या देत सायकलवर गेला. भाभीनं नालीत हात घालून काढला. धुतला. मग मला म्हणाली, हे महेबूबला कळलं तर तो उद्या सान बंद करील आन् लातूरला भाईजानच्या हाताखाली जाऊन बसंल. जन्मभर पट्टा ओढील. तू बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. मग बुरखा घालून बाहेर गेली. आली ती जिलेबी घेऊन." शबानानं भावाकडं पाहिलं. "तिला जिलेबी आवडतच नव्हती. तुला आवडायची."

बाहेर बिर्याणीच्या देगच्याखालचं लाकूड तडकलं.

मग अकरमनं हात पुढं केला आणि चाकू उचलला. महेबूबनं मान खाली घातली. चाळीस वर्षं भाऊ ज्याची वाट बघत होता ते आता येणार. डावऱ्याला सान देऊ नये. पुढच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक ईदला, आता तलवारीची नाही, दातांची गोष्ट चालणार, आणि ती अकरम सांगणार.

अकरमनं पाठ डोळ्यांसमोर धरली. खिडकीकडं वळवली. अंगठ्याच्या नखानं टोकापासून मुठीपर्यंत हळूहळू रेघ ओढली. पुन्हा ओढली. नख कुठंच अडलं नाही.

"पाठ मात्र सरळ हाय," तो म्हणाला.

महेबूबनं वर पाहिलं.

"थट्टा न्हाई. कुठं उंच न्हाई, कुठं खोल न्हाई. एवढे दात काढून अशी सरळ पाठ." अकरमनं पाठ पुन्हा उजेडात धरली. "बावांना जमली नसती. मला तर न्हाईच."

त्यानं चाकू म्यानात घातला आणि महेबूबच्या मांडीवर ठेवला. मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "आन् साहेब, तुम्ही माझ्या भावाला गाढव म्हटलात. ते काम माझं हाय. तुम्ही करायचं न्हाई."

"चुकलं चाचा," आनंदराज म्हणाले.

मौलवीसाहेब आले. फातेहा झाली. दस्तरखानावर बिर्याणी होती, शबानाच्या सोललेल्या लसणाची चटणी होती, आणि मधोमध जिलेबीची परात. सकाळची, गार, पाक वर साखरेसारखा गोठलेला. महेबूबनं सगळ्यात आधी एक जिलेबी उचलली आणि दाताखाली धरली. मग बराच वेळ ती तशीच तोंडात ठेवून तो खाली बघत राहिला.

"पाक लई गरम हाय," तो म्हणाला.

मुनीब काहीतरी बोलणार होता. उमैमानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अकरमला दहा वर्षांपासून साखरेचा आजार. त्यानं दोन उचलल्या, एकदम तोंडात घातल्या आणि ओढणीसारखा रुमाल डोळ्यांवर ओढला.

"हाव," तो म्हणाला. "लई गरम हाय."